ढकलत आणलेली फटफटी

हॅरॉल्ड डॅनियल या माणसाला इंग्रजांच्या फौजेनं मोटारसायकल चालवायला नालायक ठरवलं होतं. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा तो डिस्पॅच रायडर म्हणून भरती व्हायला गेला. डिस्पॅच रायडर म्हणजे एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर लखोटे पोचवणारा स्वार. डॅनियलच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. नजर तपासली आणि त्याला परत पाठवलं. आणि याच डॅनियलनं १९३८ साली आयल ऑफ मॅन बेटावर सिनियर टीटीची शर्यत जिंकताना ताशी ९१ मैलांच्या सरासरीनं एक फेरी मारली होती. ती फेरी पुढची बारा वर्षं कोणाला मागे टाकता आली नाही.

हे मला आप्पांकडून कळलं. आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, कोरेगावकडचे. मिसरूड फुटायच्या वयात इंडियन सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरात फटफटीवर बसले आणि जन्मभर तिच्यावरून उतरले नाहीत. पुढे आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत गेले, डी.आर. म्हणून. नातवंडांना ते लढाईची गोष्ट सांगत, पण तिच्यात तोफा फारशा नसत. १९४३च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीला पूर आला, पूल वाहून गेले, आणि गुडघाभर चिखलात नॉर्टनची चेन कशी दगडासारखी झाली, हे ते पाऊण तास सांगत. आधी नॉर्टन सोळा एच, साइड व्हॉल्व्हची, अंगानं जड, पण कधी दगा न देणारी. मग मॅचलेस मिळाली. तिला पुढे टेलिस्कोपिक फोर्क. "मनगटं सुटली," एवढ्या दोन शब्दांत आप्पा त्या फोर्कचं वर्णन संपवत.

डॅनियलची गोष्ट त्यांच्या फार आवडीची. "त्याचे डोळे नापास न् माझे पास. आणि तो माझ्या दुपटीनं पळवायचा. आता बोल." मग गंभीर होऊन म्हणत, "रात्री दिव्यावर झाकण घालून चालवायचो आम्ही. दिसायचं काय? कपाळ! रस्ता बुडाखाली कळला पाहिजे."

लढाई संपल्यावर आप्पा पुण्याला आले, कॅम्पातल्या एका गॅरेजात मिस्त्री म्हणून लागले. डिस्पोजलच्या लिलावात फौजेच्या गाड्या भंगाराच्या भावानं निघत होत्या. त्या उघडायच्या, दोनांतून एक करायची आणि विकायची, हा तेव्हाचा धंदा. गॅरेजचे पारशी शेठ 'मोटर सायकलिंग' हे इंग्रजी साप्ताहिक मागवत. ते बोटीनं येई, महिना-दोन महिने उशिरा. त्याचे संपादक ग्रॅहम वॉकर स्वतः जुने टीटी विजेते, शिवाय बीबीसीवर शर्यतीचं धावतं वर्णन करणारे. दुपारच्या चहाला शेठ मोठ्यानं वाचत, मिस्त्री हात पुसत ऐकत. आप्पांनी प्रत्यक्ष टीटी कधी पाहिली नाही, पण शेठच्या तोंडून ऐकलेली प्रत्येक शर्यत त्यांना पाठ होती, आणि ती आमच्यापर्यंत पोचली १९७०च्या आसपास, वाड्याच्या ओट्यावर. मी पुढे मोठेपणी शर्यतींचे निकाल आणि त्या काळचे वृत्तान्त वाचून काढले. आप्पांचे आकडे कुठे कुठे फुगलेले निघाले. कोण जिंकलं, कोण हरलं आणि विशेषतः कोणाच्या गाडीचं काय तुटलं, याबाबत मात्र ते कुठेच चुकलेले आढळले नाहीत.

आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधलं छोटं बेट. इंग्लंडात सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करायला कायद्याची आडकाठी होती. या बेटाची स्वतःची कायदेसभा आहे, टिनवॉल्ड. तिनं परवानगी दिली आणि १९०७ साली तिथे टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, सुरू झाली. १९११पासून ती डोंगरावरच्या मोठ्या मार्गावर गेली. एक फेरी पावणेअडतीस मैलांची. डॅनियलच्या काळी सिनियर टीटीत अशा सात फेऱ्या, २६४ मैल, तीन तासांच्या आसपास खोगिरावर. हा रस्ता शर्यतीसाठी बांधलेला नव्हे. रोज दूधवाला जातो तोच रस्ता. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, घरांच्या भिंती, टपालपेट्या. रॅमसे गावात समुद्र जवळ, तिथून चढ लागतो आणि स्नेफेल डोंगराच्या अंगानं रस्ता जवळजवळ १,४०० फुटांवर जातो. खाली ऊन असताना वर धुकं. आप्पा म्हणायचे, पावसाळ्यात पसरणीचा घाट ताशी शंभर मैलांनी चढा आणि उतरा, सात वेळा, म्हणजे कळेल.

स्वार ठरावीक अंतरानं सुटत, त्यामुळे खरी झुंज घड्याळाशी. आपण कितवे हे स्वाराला स्वतःला नीट कळत नसे. त्याचा माणूस रस्त्याकडेला पाटी धरून उभा राही. डग्लस गावात ग्रँडस्टँडसमोर मोठा फळा. त्यावर प्रत्येक स्वाराच्या आकड्याखाली एक तबकडी, आणि स्वार अमुक ठिकाण ओलांडून गेला असा निरोप आला की बॉय स्काउटची पोरं तबकडीवरचा काटा पुढे सरकवत. प्रेक्षकांना शर्यत दिसायची ती मुख्यतः या काट्यांवर.

१९४०पासून ही तबकडी बंदच होती. १९४६च्या सप्टेंबरात हौशी स्वारांची मॅन्क्स ग्रां प्री झाली आणि १९४७च्या जूनमध्ये टीटी परतली. सिनियर जिंकली डॅनियलनंच, नॉर्टनवर. नऊ वर्षांपूर्वी याच शर्यतीत त्याची सरासरी होती ताशी ८९.११ मैल. १९४७ साली ८२.८१. माणूस तोच, रस्ता तोच, कारखानाही तोच. मग सव्वासहा मैल गेले कुठे?

पेट्रोलमध्ये गेले. युद्धात ब्रिटननं सगळ्या कंपन्यांचं पेट्रोल एकत्र करून एकच हलकं 'पूल पेट्रोल' काढलं होतं. ऑक्टेन सत्तरीच्या घरात. युद्ध संपलं तरी पेट्रोलवरचं रेशनिंग १९५०च्या मे महिन्यापर्यंत चाललं, आणि शर्यतीच्या गाड्यांनाही तेच पाणचट पेट्रोल. ते उच्च दाबाच्या इंजिनात घातलं की ठिणगी पडायच्या वेळी नीट न जळता धडाधड फुटतं, इंजिन टकटक आवाज करतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून इंजिनांचा दाब मुद्दाम उतरवावा लागला. हे आप्पांनी मला समजावलं ते कोळशाच्या तुकड्यानं फरशीवर सिलिंडर काढून. "लढाई संपली म्हणतात," ते म्हणाले, "पेट्रोलात दहा वर्षं होती ती."

दुसरा बदल नियमात झाला. युद्धाआधी जर्मन आणि इटालियन कारखाने इंजिनाला सुपरचार्जर जोडू लागले होते, हवा दाबून भरणारा पंप. १९३९ची सिनियर टीटी जर्मनीचा गेऑर्ग मायर असल्या बीएमडब्ल्यूवर जिंकून गेला, आणि नॉर्टनचं साधं एकसिलिंडरी इंजिन आता गेलंच असं सगळ्यांना वाटलं. १९४६ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं सुपरचार्जरवर बंदी घातली. त्यात इंग्रज कारखान्यांचा फायदा झाला हे खरंच. पण फटका बसला तोही एका इंग्रज गाडीला. एजेएसनं दोन आडव्या सिलिंडरांची एक पाचशे सीसीची गाडी आखली होती, ती सुपरचार्जरसाठीच. सिलिंडर आडवे ठेवले होते ते त्या जादा उष्णतेत त्यांच्या डोक्यावर वारा लागावा म्हणून. बंदी आली आणि त्या इंजिनाला हवा आपल्या दमानं ओढून घ्यायची पाळी आली. सिलिंडरच्या डोक्यावरच्या काट्यांसारख्या पात्यांमुळे लोक तिला पॉर्क्युपाइन, म्हणजे साळिंदर, म्हणत.

या साळिंदरावर बसायचा लेस ग्रॅहम. आप्पांच्या गोष्टींतला नायक हाच.

ग्रॅहम युद्धात लँकेस्टर बॉम्बर विमानाचा वैमानिक होता. रात्रीच्या मोहिमा करून डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवून परत आला, तोपर्यंत तिशी उलटली होती. १९४९ साली विश्वविजेतेपद पहिल्यांदाच ठेवलं गेलं. बेट, बर्न, आसेन, स्पा, अल्स्टर, मोंझा, अशा सहा ठिकाणच्या शर्यती. पहिली अर्थातच टीटी. १७ जूनच्या सिनियरमध्ये गुझीवरचा बॉब फॉस्टर पुढे होता, त्याचा क्लच गेला आणि ग्रॅहम पहिला झाला. सातवी फेरी. डोंगर उतरून तो हिलबेरीच्या वळणावर आला. ग्रँडस्टँड दोन मैलांच्या आत. मागचा स्वार पुष्कळ मागे. आणि इंजिन मुकं झालं.

मॅग्नेटोचा दांडा तुटला होता. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच वीज निर्माण करून प्लगला ठिणगी देणारं यंत्र. त्याचा फिरणारा दांडा तुटला की बाकी सगळी गाडी ठणठणीत असून निरुपयोगी. रस्त्यात दुरुस्ती नाही. दुसऱ्या कोणी हात लावला तर बाद. ग्रॅहम उतरला आणि ढकलू लागला. अंगावर कातडी पोशाख, पायात बूट, दीडशे किलोच्या आसपासची गाडी, आणि तो रस्ता काही सगळा उताराचा नाही. इथे आप्पा ओट्यावरून उठून उभे राहत, हात हँडलवर ठेवल्यासारखे धरत आणि तीन पावलं ढकलून दाखवत. मग दम लागल्यागत थांबत. "पोचला. ढकलत पोचला." पहिला आला तो डॅनियल, चष्मेवाला. पाचशे सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या इतिहासातली ती पहिली शर्यत, आणि तिच्या तक्त्यात पहिलं नाव डॅनियलचं आहे, हे योग्यच आहे. गाडी शेवटपर्यंत शाबूत ठेवणं हाही शर्यतीचाच भाग. पण तक्ता वाचून हिलबेरीचा चढ कोणाला कळणार नाही.

ग्रॅहम पुढे बर्नला जिंकला, अल्स्टरला जिंकला. वर्षअखेरीस सर्वोत्तम तीन निकाल मोजायचे होते. ग्रॅहम ३०, गिलेरावरचा नेल्लो पगानी २९. एका गुणानं बॉम्बरचा वैमानिक पाचशे सीसीचा पहिला विश्वविजेता झाला. साडेतीनशे सीसीत व्हेलोसेटवरच्या फ्रेडी फ्रिथनं तर पाचच्या पाच शर्यती जिंकल्या आणि तिथेच थांबला.

थांबणारे थोडे. १९४८च्या जुलैच्या पहिल्या तारखेला बर्नजवळच्या ब्रेमगार्टनच्या मार्गावर सराव चालला होता. जंगलातून जाणारा रस्ता, दोन्हीकडे झाडं, वर पाऊस. त्या एका दिवसात तिथे ओमोबोनो तेन्नी मोटारसायकलवर गेला आणि अकिले वार्झी मोटारीत गेला. तेन्नी म्हणजे १९३७ साली टीटी जिंकणारा पहिला इटालियन. आप्पांनी त्याचं नाव इटलीतच ऐकलं होतं, फौजेच्या वर्कशॉपमध्ये कामाला घेतलेल्या एका म्हाताऱ्या इटालियन फिटरकडून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो फिटर "तेन्नी, तेन्नी" म्हणून हातानं वळण घ्यायची नक्कल करी, आणि आप्पांना कळे. पुण्यात शेठनं ती बातमी वाचली त्या दिवशी आप्पांनी काम केलं नाही, हे मला माझ्या आजीनं सांगितलं. आप्पा स्वतः ते सांगत नसत.

या माणसांनी युद्धातून जिवंत परत येऊन पुन्हा असं का करावं, हा प्रश्न मी आप्पांना विचारला होता. "तिकडे दुसऱ्याच्या हुकमावर जायचं," ते म्हणाले. "इकडे आपल्या मर्जीनं." यात सगळं उत्तर येतं असं मला वाटत नाही. भाकरीचाही प्रश्न होता. कारखान्याच्या पगारावर धावणारे स्वार मूठभर. बाकीचे स्वतःची गाडी, दोन-चार सुटे भाग आणि स्टोव्ह जुन्या व्हॅनमध्ये घालून युरोपभर हिंडत. आयोजक हजर राहण्याचे पैसे देत, त्यावर पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल निघे. त्यांत इंग्रज होते, ऑस्ट्रेलियन होते, ऱ्होडेशियाचे होते. या फिरत्या गोतावळ्याला लोक कॉन्टिनेंटल सर्कस म्हणत. जर्मन मात्र नव्हते. त्यांना १९५१पर्यंत आंतरराष्ट्रीय शर्यती बंद होत्या. ते आपल्या देशात सुपरचार्जर लावून आपसांत धावत. तो निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता, पण १९४९ आणि १९५०चे विजेते मोजताना मायरसारखा माणूस दाराबाहेर उभा होता, हे लक्षात ठेवायलाच हवं. इटलीत जर्मनांच्या सुरुंगांतून फटफटी काढलेले आप्पाही हे कबूल करत.

१९५० साली सगळं पालटलं. बेलफास्टचे रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस हे भाऊ नॉर्टनसाठी नवीन फ्रेम घेऊन आले. दोन नळ्यांचे वेटोळे इंजिनाभोवती घातलेले, मागे झुलता आर्म. इंजिन तेच म्हातारं एकसिलिंडरी, पण गाडी वळणात हलेना. डॅनियल चालवून आला आणि म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यागत वाटतं. तेव्हापासून तिचं नाव फेदरबेड. त्या इंजिनाच्या पोटात बदल करून जादा ताकद काढणाऱ्यांत एक पोलंडचा माणूस होता, लिओ कुझमिकी. युद्धात देश गेला म्हणून ब्रिटनमध्ये अडकलेला शिकलेला इंजिनियर, नॉर्टनच्या कारखान्यात हलकी कामं करत होता. जो क्रेग या शर्यत विभागाच्या प्रमुखाला त्याची अक्कल कळली आणि त्यानं त्याला आत घेतलं. हाताखालच्या पोरांवर ओरडणाऱ्या नव्या मिस्त्र्यांना आप्पा कुझमिकीची गोष्ट सांगून गप्प करत.

आणि त्या फ्रेमवर बसला जेफ ड्यूक. पंचविशीतला, शांत. त्याचं गुणगान करताना आप्पांच्या आवाजात घरचा अभिमान यायचा. कारण ड्यूक युद्धात रॉयल सिग्नल्समध्ये होता, डिस्पॅच रायडरांना शिकवणारा. "आपल्या सिग्नलचा पोरगा!" जबलपूर आणि इंग्लंड यांतलं अंतर आप्पा त्या तीन शब्दांत ओलांडत. ड्यूकनं एका शिंप्याकडून अंगाला चिकटून बसणारा एकसंध कातडी पोशाख शिवून घेतला, वारा भरू नये म्हणून. पुढे सगळ्यांनीच तो घातला. १९५०ची सिनियर त्यानं ताशी ९२.२७ मैलांनी जिंकली. वर्षभर आधीची डॅनियलची सरासरी ८६.९३ होती. पेट्रोल थोडं सुधारलं होतं, पण एवढी मोठी उडी बरीचशी त्या फ्रेमची आणि त्या मुलाची. डॅनियलची १९३८ची फेरी अखेर मोडली. त्या वर्षीचं विजेतेपद मात्र टायरची रबरं सुटल्यामुळे ड्यूकच्या हातून एका गुणानं गेलं, गिलेरावरच्या उंबेर्तो मासेत्तीकडे. पुढच्या वर्षी त्यानं साडेतीनशे आणि पाचशे, दोन्ही जिंकली. एकूण सहा विश्वविजेतेपदं. चार सिलिंडरांच्या इटालियन गाड्यांपुढे नॉर्टनचं चालेना तेव्हा १९५३ साली तो स्वतः गिलेराकडे गेला. इंग्लंडात काहींनी नाक मुरडलं. आप्पांनी कधीच नाही. मिस्त्री माणूस, ज्या गाडीत दम तिच्यावर स्वारानं बसावं असं त्यांचं मत.

त्याच्या आधी ग्रॅहमही इटालियन कारखान्यात गेला होता, एमव्ही अगुस्टाकडे. १९५३च्या जूनमध्ये त्यानं १२५ सीसीची टीटी जिंकली. इतक्या वर्षांनी टीटीतला पहिला विजय. दुसऱ्या दिवशी सिनियर होती. दुसऱ्या फेरीत, डग्लसमधल्या ब्रे हिलच्या उताराच्या तळाशी, भर वेगात गाडी हातातून गेली आणि ग्रॅहम जागीच गेला. आप्पा ही गोष्ट त्या १२५च्या विजयापाशी संपवत. पुढचं मला वाचून कळलं.

डोंगरावर, बंगला नावाच्या वळणाजवळ, ग्रॅहमच्या स्मरणार्थ एक दगडी निवारा बांधलेला आहे. त्याचा मुलगा स्टुअर्ट वडील गेले तेव्हा अकरा वर्षांचा होता. १९६७ साली तोही त्याच बेटावर सुझुकीवरून ५० सीसीची टीटी जिंकला.

त्या काळातला सर्वांत मोठा स्वार ड्यूक, यात वाद नाही, आणि आप्पाही तेच म्हणत. पण युद्धानंतरची ती पाच-सात वर्षं काय होती हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं ड्यूकच्या सहा विजेतेपदांपासून सुरुवात करू नये. पाणचट पेट्रोल, नियमानं अपंग झालेलं इंजिन, बॉम्बरवरून उतरलेला वैमानिक आणि दोन मैलांच्या आत तुटलेला दांडा, हे सगळं एका माणसाच्या वाट्याला आलं, आणि तरी पाचशे सीसीचा पहिला विश्वविजेता तोच झाला. सुरुवात लेस ग्रॅहमपासून करावी.